लाईन गेली

गेल्या रविवारी दुपारी लॅपटॉपवर एका जुन्या मराठी सिनेमाचा शेवट पाहिला. त्याला आज आठ दिवस झाले, पण तो मनातून जात नाहीये. सिनेमा कृष्णधवल, कोकणातला, कुणीतरी नेटवर चढवलेला. चित्रावर उभ्या रेघा, आवाजात खरखर. होस्टेलला असताना तो टीव्हीवर पाहिला होता, पण शेवटाआधी उठून जावं लागलं होतं. शेवट मात्र मला पाठ होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टनरनं, म्हणजे होस्टेलमधल्या माझ्या मित्रानं, तो बारीकसारीक तपशिलासकट सांगितला होता. मुलगा शेवटच्या एसटीनं येतो, अंगणात पायरीवर बसतो, मान वर करत नाही. आई कंदील घेऊन बाहेर येते आणि एवढंच विचारते, जेवलास का? इतकी वर्षं हा शेवट माझ्याजवळ आहे. मी तो दोन-तीन जणांना सांगितलाही आहे. परवा फक्त तो एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून बसलो, आणि सिनेमात तो नव्हताच.

सिनेमातला मुलगा येत नाही. एसटी वळणावर दिसते, तिच्या दिव्यांचा उजेड घराच्या दारावरून सरकत जातो. कंडक्टर उतरतो, एक पोतं ठेवतो, दोनदा घंटी देतो आणि गाडी निघून जाते. आई घरात येते. रोजच्यासारखी तिनं दोन पानं मांडलेली असतात. त्यातलं एक ती उचलून ठेवते, दुसऱ्यावर बसते आणि जेवायला लागते. कॅमेरा तिच्या पाठीशी, हात तेवढा खालीवर होताना दिसतो. मग 'समाप्त'. सिनेमाचं नाव मुद्दामच सांगत नाही. शेवट आधीच फोडून बसलोय.

मग पार्टनरनं मला सांगितलं ते काय होतं?

आमच्या होस्टेलची टीव्ही रूम तळमजल्यावर, मेसला लागून होती. नाशिक-पुणे रस्त्यावर गावापासून बरंच बाहेर, माळावर कॉलेज. संध्याकाळी सातनंतर जायला जागा म्हणजे रस्त्यापलीकडची टपरी किंवा ही खोली. भिंतीवर उंचावर लोखंडी पिंजरा, त्यात एकवीस इंची टीव्ही, पिंजऱ्याला कुलूप. रिमोटच्या पाठीचं झाकण कधीच गेलेलं, सेल रबरबँडनं बांधलेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मच्छर अगरबत्तीचा धूर, आणि मेसमधून येणारा खिचडीला दिलेल्या फोडणीचा वास. टीव्ही सुरू करताना आधी 'घूं' असा एक दबका आवाज यायचा, मग काचेतून हळूहळू चित्र वर यायचं. काचेजवळ हात नेला की अंगावरची लव उभी राहायची. आत पंचवीस हजारांच्या आसपास व्होल्ट असतात हे पुढे अभ्यासात आलं, पण लव उभी राहते तेव्हाची गंमत त्या आकड्यात नाही.

आठ वाजता मेसच्या काकू यायच्या. मांडीवर परात, परातीत लसूण. मालिका सुरू असताना त्या एकदाही खाली न बघता लसूण सोलायच्या. सुरुवातीला आम्ही पोरं क्रिकेटसाठी खोळंबलेले असायचो, पण महिन्याभरात सगळी होस्टेल त्या मालिकेत अडकली. काकूंचा एखादा भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी वाढताना त्या विचारायच्या, 'काल काय झालं रे?' आणि रांगेत उभं राहून कुणीतरी सांगायचं. मागची रांग थांबायची. बहुतेक वेळा सांगणारा पार्टनरच असायचा. सून काय म्हणाली, सासूनं कसं बघितलं, मागे कुठलं संगीत वाजलं, सगळं. एकदा त्यानं सांगितलेला भाग आणि आम्ही पाहिलेला भाग यांत बराच फरक होता. सुनेला त्यानं जरा जास्तच बोलायला लावलं होतं. आम्ही हसलो, काकू मात्र भाताचा चमचा हातात धरून म्हणाल्या, 'बरं झालं बाई, बोलली एकदाची.' तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तो अकोल्याकडचा. एफ.ई.ला, म्हणजे पहिल्या वर्षाला, शेजारच्या खोलीत होता, आणि आमची खरी ओळख झाली ती जीटीच्या रात्री. इंजिनिअरिंगवाल्यांना जीटी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: ग्लास ट्रेसिंग. टेबलाची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब लावायचा, पूर्ण झालेली शीट खाली, कोरी वर, आणि उजेडात दिसणाऱ्या रेषा गिरवायच्या. हे करू नये हे आम्हाला कळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं हेही कळत होतं. काच इतकी तापायची की मनगट टेकवता यायचं नाही. त्या रात्री दोन वाजता माझे डोळे मिटायला लागले, तेव्हा पार्टनर म्हणाला, 'थांब, तुले पिच्चर सांगतो.' आणि गिरवता गिरवता त्यानं एक अख्खा सिनेमा सांगितला, गाण्यांसकट. खालून येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा उलटा उजळलेला, कपाळावर हनुवटीची सावली. पांढऱ्या शीटवर काळ्या रेषा उमटत होत्या आणि मला त्या सिनेमातला पाऊस दिसत होता. तो सिनेमा पुढे मी थिएटरात जाऊन पाहिला. ठीक होता.

सिनेमा असा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय मला घरातूनच होती. माझ्या आईनं तिच्या लहानपणी पाहिलेले बहुतेक सिनेमे गणपतीतले, रस्त्यात आडवा पडदा बांधून दाखवलेले. पुढच्या बाजूला जागा नसली की मुली पडद्यामागे जाऊन बसायच्या. मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. त्यामुळे तिच्या आठवणीतले सगळे नायक डावखुरे आहेत. ती सिनेमा सांगायची तेव्हा स्वयंपाकघरात एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला उभी राहायची, दोन माणसांचं बोलणं करून दाखवायला. निम्मे शेवट तिनं पाहिलेलेच नसायचे, कारण रात्र झाली की आजोबा न्यायला यायचे. 'मग पुढे?' असं आम्ही विचारलं की ती क्षणभर थांबायची आणि पुढचं सांगायची. ते कुठून यायचं, हे मी कधी विचारलं नाही.

टी.ई.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आमच्या अभ्यासात टेलिव्हिजन आलं. मला मनापासून आवडलेला तो एकमेव विषय, आणि आवडायचं कारण ती खालची खोली. आपल्याकडच्या त्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. एका सेकंदाला अशी २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत काढलेलं: आधी विषम ओळी, मग त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत सम ओळी. म्हणजे कुठल्याही क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र कधी नसतंच. उजेडाचा एक ठिपका पळत असतो आणि उरलेलं सगळं आपला डोळा धरून ठेवतो. हे वाचलं त्या रात्री मी खाली जाऊन बातम्या लागलेल्या असताना नुसता पडद्याकडे बघत बसलो. बातमी कुठली होती ते आठवत नाही.

आणि ती शिट्टी. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. ठिपका सेकंदाला इतक्या ओळी काढतो, आणि तेवढ्याच कंपनांचा एक अतिशय बारीक, सुईसारखा आवाज त्या जुन्या टीव्हीतून येत राहतो. लहानपणी शाळेतून येताना घराच्या फाटकापाशीच मला कळायचं की आत टीव्ही चालू आहे, आवाज बंद असला तरी. आई म्हणायची, याला वास येतो टीव्हीचा. वास नव्हता, ती शिट्टी होती. माणसाचं वय वाढत जातं तसे वरचे आवाज ऐकू येईनासे होतात. पन्नाशी-साठीतल्या बहुतेकांना हा आवाज येत नाही. आमचे रेक्टर निवृत्तीला आलेले होते. साडेदहाला ते टीव्ही बंद करायला लावायचे, मग जिन्यानं वर जायचे. आम्ही अर्ध्या तासानं पुन्हा खाली यायचो आणि आवाज शून्यावर ठेवून टीव्ही लावायचो. दिवे बंद, दाराला खालून चादर. कधी कधी रेक्टर व्हरांड्यातून चालत जायचे. आमच्या सगळ्यांच्या कानात ती शिट्टी वाजत असायची, आणि ते दारावरून तसेच पुढे जायचे.

आवाज बंद म्हणजे संवाद नाहीत. ते काम पार्टनरचं. पहिल्या रांगेत बसून तो कुजबुजत सगळ्यांचे संवाद म्हणायचा. नायकाचे, आईचे, खलनायकाचे, कुत्र्याचेसुद्धा. मी त्या दोन वर्षांत किती सिनेमे पाहिले असतील सांगता येत नाही, पण त्यांतले बरेचसे वऱ्हाडीत आहेत.

ती रात्र २०१० च्या एप्रिलमधली. दुसऱ्या दिवशी माझी टेलिव्हिजनचीच ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, होती. केबलवाल्यानं त्याच्या लोकल चॅनेलवर हा कोकणातला सिनेमा लावला होता, का लावला होता देव जाणे. जुना, संथ, त्यामुळे एकेक करत पोरं उठून गेली. आम्ही तिघं-चौघं उरलो. मुलगा मुंबईत गिरणीत लागलाय असं घरी कळवतो, प्रत्यक्षात त्याची नोकरी कधीच गेलेली असते. महिन्याचं पत्र येत राहतं, पत्रात सगळं छान. मी साडेअकरापर्यंत थांबलो. जर्नलवरच्या सह्या राहिलेल्या होत्या, इंटरलेसिंग, म्हणजे ते दोन हप्त्यांत चित्र काढणं, पुन्हा एकदा वाचायचं होतं. पार्टनर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, 'तू जाय बे, झोप. सकाळी सांगतो ना मी तुले.' मी वर गेलो. रात्री कधीतरी घामानं जाग आली, पंखा थांबलेला. कूस बदलून झोपलो. त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं आणि वेळापत्रकाबाहेरही लाईट जायचीच, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी टपरीवर चहाचा ग्लास हातात घेऊन त्यानं शेवट सांगितला. नेहमीसारखे हातवारे नव्हते. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि रस्त्याकडे बघून सांगत होता. 'येते ना बे तो. शेवटच्या एसटीनं येते. घरात नाही जात, पायरीवर बसून राह्यते. माय कंदील घेऊन येते बाहेर. मले वाटलं आता इचारते, नोकरीचं काय झालं, खोटं काऊन लिहिलं. काहीच नाही इचारत. इतकंच म्हणते, जेवला का बाबू?' मी म्हटलं, कोकणातली आई बाबू म्हणते? तो म्हणाला, 'अबे, मी माह्या भाषेत सांगून राह्यलो.' तेवढ्यात टमटम आली आणि मी धावलो.

ओरलला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, मला एक प्रश्न विचारला, तो आजही आठवतो. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांची, आपला टीव्ही २५ चित्रांचा. मग टीव्हीवर सिनेमा दाखवताना काय करतात? मी म्हटलं, दर सेकंदाला एक चित्र पुन्हा दाखवत असतील. ते हसले. सौम्य गृहस्थ होते. म्हणाले, काही करत नाहीत, फिल्मच जरा जोरात पळवतात. अडीच तासांचा सिनेमा टीव्हीवर १४४ मिनिटांत संपतो. आवाजही तेवढाच वर चढतो, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सत्तरेक टक्के. मला त्या क्षणी काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे लहानपणापासून टीव्हीवर जी गाणी ऐकली, ती सगळी थोड्या चढ्या सुरात होती, आणि त्या सगळ्या माणसांनी आपलं प्रेम, भांडण, मरण थोडं घाईनं उरकलं होतं. बाहेर येऊन मी हे पार्टनरला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, सहा मिनिटांत माणूस लई काही बोलू शकते.

आता त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता. दोनदा दिला होता, दोनदा राहिला होता, आणि या खेपेला राहिला तर वर्ष जाणार होतं. घरी त्यानं यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती, मोठ्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज. रविवारी घरून फोन यायचा तेव्हा तो गच्चीवर जायचा. मी एकदा पाणी भरायला वर गेलो होतो तर त्याचं बोलणं कानावर पडलं, 'हो आई, सगळे विषय निघाले.' मला बघून त्यानं हात केला, मीही हात केला. त्या वर्षी, म्हणजे २००९ च्या दिवाळीला, तो घरी गेला नाही, सबमिशन आहे म्हणाला. सबमिशन सगळ्यांचं एकच असतं. आमचं दिवाळीआधी संपलं होतं. मला हे माहीत होतं आणि मी सुटकेस घेऊन बसस्टँडवर गेलो.

त्याच वर्षी डिसेंबरात इंजिनिअरिंग कॉलेजवरचा तो गाजलेला हिंदी सिनेमा आला होता. आम्ही बाराजण नाशिकला जाऊन बघून आलो. पोरं येताना बसमध्ये नुसती पेटलेली होती, आपणही असंच जगायचं म्हणत होती. मलाही आवडला होता. पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपली होती आणि आजही खुपते. सिनेमातल्या कॉलेजात नापास होणं ही एक मोठी, गडगडाटी घटना असते. पाऊस पडतो, संगीत वाजतं, सगळे धावत येतात. आमच्याकडे ती घटना नव्हतीच. नोटीस बोर्डवर कागद लागायचा, माणूस बोट फिरवत आपला नंबर शोधायचा, बोट थांबायचं, आणि मग तो मेसमध्ये येऊन ताट घ्यायचा. शेजारचा विचारायचा, भाजी कसली आहे? वर्ष जाण्याचं दुःख इतक्या हळू आवाजात यायचं की शेजारच्या कॉटवरच्यालाही ते ऐकू येऊ नये.

मला आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. त्याचं वर्ष गेलं. पत्र्याची पेटी रिकामीच होती, तरी त्यानं ती सोबत नेली. रात्रीच्या बसला मी सोडायला गेलो होतो. खिडकीतून तो एवढंच म्हणाला, 'टीव्हीचा रिमोट माह्या गादीखाली आहे.' दोन दिवसांनी फोन आला, सगळं बरं आहे म्हणाला. घरी पोचल्यावर काय झालं, आई काय म्हणाली, हे मी विचारलं नाही. पुढे तो परत आला, एम-थ्री काढला, आमच्यामागून एक वर्षानं पास झाला. आता मोबाईल टॉवरच्या देखभालीच्या कामावर आहे. सतत कुठल्या ना कुठल्या तालुक्याला, मोटारसायकलवर.

गेल्या आठवड्यात हे सगळं पुन्हा जुळवत बसलो, तेव्हा मला तो घाम आठवला आणि थांबलेला पंखा आठवला. आणि अर्धवट झोपेत खालून ऐकू आलेली त्याची ओरड: 'अबे, लाईन गेली!' आम्ही लाईट गेली म्हणतो, अकोल्याकडचे लोक लाईन गेली म्हणतात. सगळ्या होस्टेलात हे म्हणणारा तो एकटाच होता. म्हणजे तो शेवटही कुणी पाहिला नव्हता. ते तिघं-चौघं अंधारात बसले असतील, पडद्याच्या मधोमध एक ठिपका आक्रसत विझला असेल, आणि मग एकेक जण चाचपडत जिना चढला असेल. सकाळपर्यंत त्याच्याजवळ पाच-सहा तास होते. आई दारात येते आणि काय विचारते, हे त्यानं त्या तासांत ठरवलं असणार.

काल रात्री त्याला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तो कुठल्याशा ढाब्यावर होता, मागे ट्रकचे आवाज. पगार, पाऊस, काकूंच्या मुलीचं लग्न, असं सगळं बोलून झालं. मग मी म्हटलं, अरे, तो कोकणातला सिनेमा सापडला नेटवर. आपण टीव्ही रूममध्ये पाहिलेला. माझ्या ओरलच्या आदल्या रात्री.

पलीकडे बराच वेळ फक्त ट्रक ऐकू येत होते.

'शेवटपर्यंत पाह्यला?'

'हो.'

'मंग,' तो म्हणाला, 'आला का बे तो पोट्टा?'

माझ्यासमोर लॅपटॉप उघडाच होता. दोन पानांतलं एक उचललेलं, आई पाठमोरी जेवतेय, तिथेच मी सिनेमा थांबवून ठेवला होता.

'आला ना,' मी म्हटलं. 'शेवटच्या एसटीनं.'